आजीची तवसळी

प्रस्तावना

‘अदमासाने घाल’ हे शब्द तुम्ही स्वयंपाकघरात पुष्कळदा ऐकले असतील. मीठ किती? अदमासाने. पाणी किती? अदमासाने. वर्षानुवर्षे राबलेल्या हातांना हा अदमास अचूक साधतो. पण हे हात थकले किंवा कायमचे थांबले, म्हणजे त्यांच्याबरोबर तो अदमासही जातो.

या पाठात कोकणातील एका गोड पदार्थाची हकिकत आहे. परसातील पिकलेली मोठी काकडी किसून, तिच्या रसात तांदळाचा रवा शिजवून आणि खाली-वर विस्तव ठेवून हा पदार्थ भाजतात. कोकणात त्याला तवसळी किंवा धोंडस म्हणतात, तर गोव्यात तवसाळी. भट्टी नसलेल्या घरांनी चुलीवर भाजलेला हा आपला केकच होय. एका घरातून तो कसा हरवू पाहत होता आणि लिहिण्यामुळे कसा राहिला, ते आता वाचू या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• पाहिलेली कृती क्रमवार व मोजमापासह लिहिता येईल;
• अनुभवाने येणारे ज्ञान आणि लिहिलेले ज्ञान यांतील नाते सांगता येईल;
• कृतिलेखनात क्रियापदाचे विध्यर्थी रूप योग्य रीतीने वापरता येईल;
• किसलेल्या भाजीचे भाजणीच्या पदार्थातील कार्य स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

१.

आमचे घर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका लहानशा गावात होते. पावसाळ्याच्या आरंभी आजी परसात तवशाचे बी लावी. श्रावण-भाद्रपदात वेलाला कोवळी तवशी लागत. ती आम्ही मुले मीठ लावून खात असू. पण चार-पाच तवशांना हात लावायची कोणालाही परवानगी नसे. ती वेलावरच मोठी होत, पिवळी पडत आणि पुढे त्यांची साल तांबूस होई. मग आजी ती उतरवून माजघराच्या वाशांना केळीच्या सोपटांनी बांधून टांगून ठेवी. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांतले एक खाली उतरले, की आज तवसळी होणार हे आम्ही ओळखत असू.

आजीजवळ ना तराजू होता, ना घड्याळ. रवा भाजताना ती कढईत पाहतही नसे. खमंग वास सुटला की उलथणे थांबे. गूळ ती खड्यांनी घेई, खोबरे मुठीने. टोपाला हळदीची पाने लावून त्यात ती शिजलेले मिश्रण ओती, वर झाकण ठेवी आणि झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे पसरी. खालचा जाळ मंद आणि वरचा विस्तव सारखा, एवढेच तिचे शास्त्र. हळदीच्या पानांचा वास ओसरीपर्यंत आला, की ती म्हणे, “झाली हो, आता निवू दे.”

एकदा मी तिला विचारले, “आजी, गूळ किती घालायचा?”

ती हसून म्हणाली, “मला काय विचारतेस? तवशाला विचार!”

मला ती थट्टा वाटली. आजीला अक्षरओळख नव्हती आणि मला शाळेत चांगले गुण मिळत होते. तरीही तिचे ते उत्तर मला पुढे कितीतरी वर्षे वाचता आले नाही.

२.

आजी गेली त्यानंतरच्या वर्षी वडील मोठ्या दुखण्यातून उठले. अंगात शक्ती नव्हती आणि तोंडाला चव नव्हती. एके दिवशी ते सहज म्हणाले, “आईच्या हातची तवसळी असती, तर दोन घास गेले असते.”

मी त्याच दिवशी तयारीला लागले. बाजारातून पिकलेले तवसे आणले. रवा भाजला, गूळ विरघळवला, आठवेल तसे सारे केले. रंग सुरेख आला. वासही आला. मोठ्या हौसेने मी वडिलांसमोर बशी ठेवली. त्यांनी एक घास घेतला, सावकाश गिळला आणि बशी हलकेच बाजूला सारली. ते काही बोलले नाहीत. मग मी चाखून पाहिले. तवसळी कडू होती. वाटीभर गूळ घातला होता, तरी घशाशी कडवटपणा रेंगाळत होता.

माझा समज झाला की रवा करपला असावा. दुसऱ्या वेळी मी रवा कमी भाजला, तर तवसळी चिकट झाली. तेव्हा मात्र मला उमगले की मी आजीला शंभर वेळा तवसळी करताना पाहिले होते, पण शिकले मुळीच नव्हते.

३.

आता घरात हे जाणणारी एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे आमची थोरली काकी. आजीबरोबर तिने तीस वर्षे चूल सांभाळली होती. मी वही, पेन्सिल, वाटी आणि स्वयंपाकाचा काटा घेऊन गावी गेले.

काकीने गुळाकडे हात नेला, तसा मी तिचा हात धरला. “काकी, थांबा. आधी मोजू द्या.”

“माझ्या मुठीला मोजतेस होय गो?” काकी हसली. पण थांबली. तिने रव्यासाठी घासून गुळगुळीत केलेली एक करवंटी घेतली होती. मी ती पाण्याने भरून माझ्या वाटीत ओतली. करवंटीत माझी दीड वाटी मावत होती. मी लिहून घेतले. काकी रवा भाजत होती, तेव्हा मी घड्याळ पाहिले. तिने विस्तव मागे ओढला, तेव्हा निखारे मोजले. तिला हे सारे पोरखेळासारखे वाटत असावे, तरी ती दर पायरीला थांबून विचारी, “लिहिलंस? पुढे जाऊ?”

त्या दिवशीची तवसळी उत्तम झाली. रात्री दिव्याखाली बसून मी कृती स्वच्छ अक्षरांत लिहून काढली आणि काकीच्या हाती दिली. काकी लहानपणी शाळेत गेली नव्हती. पन्नाशी उलटल्यावर ती गावच्या साक्षरता वर्गात वाचायला शिकली होती. कागद दिव्याजवळ धरून, ओळीखाली बोट फिरवत ती सावकाश वाचू लागली. मोठ्याने वाचता वाचता ती पहिल्याच ओळीला थांबली.

“‘तवसे सोलून किसावे.’ आणि चाखायचं कुठे गेलं?”

“म्हणजे?”

“अगो, किसण्याआधी मी दोन्ही टोकांचे काप काढून चाखले ना! पहिले तवसे कडू निघाले म्हणून टाकून दिले. दुसरे घेतले. ते पाहिले नाहीस?”

मी पाहिले नव्हते. त्या वेळी मी करवंटी मोजत होते. काकीने ते इतक्या सहजपणे केले, की ती एक पायरी आहे हेच माझ्या ध्यानी आले नाही. काकीनेही ते सांगितले नाही, कारण सांगण्याजोगे त्यात काही आहे असे तिला वाटलेच नव्हते.

“तवसे कडू असले तर टाकायचे. आंबटसर असले तर गूळ चढता घालायचा. गोड असले तर उतरता. चाखल्याशिवाय कळणार कसे?” काकी म्हणाली.

मला आजीचे शब्द आठवले. तवशाला विचार! ती थट्टा नव्हती. ती कृतीची पहिली ओळ होती.

काकीने माझ्या हातून पेन्सिल घेतली. माझ्या सुबक ओळींच्या वर थोडी जागा होती. तेथे तिने मोठ्या, जरा वाकड्या अक्षरांत लिहिले : ‘आधी तवसे चाखावे.’

पुढच्या आठवड्यात मी त्या कागदावरून एकटीने तवसळी केली. वडिलांनी एक वडी खाल्ली आणि दुसरीसाठी बशी पुढे केली. “आईची नाही ही,” ते म्हणाले, “पण तिच्याच घरातली आहे.”

शब्दार्थ

तवसे – मोठ्या जातीची काकडी; परस – घरामागील मोकळी जागा; अदमास – अंदाज; वासा – छपराला आधार देणारे लाकूड; सोपट – केळीच्या खोडाची सुकलेली साल; करवंटी – नारळाचे कठीण कवच; टोप – रुंद तोंडाचे पातेले; विस्तव – पेटते निखारे; चढता / उतरता – नेहमीपेक्षा थोडा जास्त / थोडा कमी.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(१) लेखिकेची पहिली तवसळी कडू झाली, कारण
(अ) रवा करपला होता (आ) गूळ कमी पडला होता (इ) तवसे कडू होते (ई) विस्तव जास्त होता
(२) लिहिलेल्या कृतीतील उणीव कोणी दाखवून दिली?
(अ) आजीने (आ) काकीने (इ) वडिलांनी (ई) लेखिकेने

कागदावरील कृती

साहित्य : तवशाचा कीस रसासह ४ वाट्या, तांदळाचा जाडसर रवा २ वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी, खवलेले ओले खोबरे १ वाटी, तूप ३ मोठे चमचे, काजूचे तुकडे पाव वाटी, वेलचीपूड अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ, हळदीची ३-४ पाने.

कृती :
१. आधी तवसे चाखावे. दोन्ही टोकांचे आणि मधल्या भागाचे लहान काप चाखून पाहावेत. कडू लागल्यास ते तवसे वापरू नये.
२. तवसे सोलून, बिया व मऊ गर काढून किसावे. सुटलेला रस टाकू नये.
३. दोन चमचे तुपात रवा मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावा. तो लाल होऊ देऊ नये.
४. कीस, रस व गूळ एकत्र करून उकळी आणावी. त्यात मीठ, खोबरे, काजू व वेलची घालावी. मग रवा हळूहळू वैरावा आणि गुठळी होऊ न देता ढवळावा.
५. झाकण ठेवून मंद आचेवर सुमारे दहा मिनिटे शिजवावे. मिश्रण घट्टसर झाले पाहिजे. कोरडे वाटल्यास थोडे गरम पाणी शिंपडावे.
६. जाड बुडाच्या टोपाला उरलेले तूप लावून हळदीची पाने पसरावीत. त्यांवर मिश्रण ओतून थापावे.
७. खाली मंद विस्तव व झाकणावर निखारे ठेवून पाऊण तास भाजावे. विजेच्या भट्टीत १८० अंश सेल्सिअसला साधारण ४० ते ४५ मिनिटे लागतात.
८. सुरीचे टोक खुपसून पाहावे. ते कोरडे निघाल्यास तवसळी झाली असे समजावे. पूर्ण निवल्यावरच वड्या कापाव्यात.

हळदीची पाने न मिळाल्यास केळीचे पान चालते. तांदळाच्या रव्याऐवजी दुकानात मिळणारा इडलीचा रवा घेता येतो. इंदूर, बडोदे किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या आणि मोठे तवसे न मिळणाऱ्या वाचकांनी जून काकडी घ्यावी.

समजून घेऊ या

काकडीत शंभर भागांपैकी सुमारे पंच्याण्णव भाग पाणी असते. म्हणूनच या पदार्थात रवा शिजवण्यासाठी वेगळे पाणी सहसा घालावे लागत नाही. काकडीचा रसच ते काम करतो. तांदळातील पिठूळ अंश, म्हणजे स्टार्च, हा रस उष्णतेने शोषून घेऊन फुगतो आणि निवताना घट्ट होतो. तवसळी गरम असताना कापली तर ती मोडते, याचे कारण हेच. रस फेकून दिल्यास रवा कच्चा राहतो.

परदेशी पद्धतीचा केक फेसलेल्या अंड्यांमुळे किंवा खाण्याच्या सोड्यामुळे फुलतो व जाळीदार होतो. तवसळीत यांपैकी काहीच नसल्याने ती फुलत नाही. ती भरीव, ओलसर आणि मऊ राहते. मात्र एका बाबतीत दोन्ही सारखे आहेत. भट्टीप्रमाणेच येथेही उष्णता सर्व बाजूंनी मिळावी लागते. झाकणावरचे निखारे हे काम करतात. केवळ खालून आच दिल्यास तळ करपतो आणि वरचा भाग फिका राहतो.

काकडी, दुधी, दोडका या एकाच कुळातील वेली आहेत. त्यांच्या फळांत कधी कधी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये वाढतात. गूळ घालून किंवा शिजवून ती नाहीशी होत नाहीत आणि जास्त प्रमाणात पोटात गेल्यास अपाय करतात. तेव्हा काकीचे चाखणे हे केवळ चवीपुरते नव्हते, तर घरातील माणसांच्या काळजीपोटीही होते.

भाजी किसून गोड पदार्थ भाजण्याची युक्ती जगात इतरत्रही आढळते. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये साखरेचे नियंत्रित वाटप सुरू झाले. ते १९५३ पर्यंत चालू राहिले. त्या काळात परसबागेतील गाजरे किसून केकमध्ये आणि पुडिंगमध्ये घालण्यास तेथील अन्न मंत्रालयाने उत्तेजन दिले. गाजराचा गोडवा साखरेची थोडी उणीव भरून काढी आणि त्याच्या ओलाव्याने केक मऊ राही. मंत्रालयाने अशा पाककृतींची पत्रके छापून वाटली. त्यांत मापे दिलेली असल्याने ज्यांनी तो पदार्थ कधी पाहिलाही नव्हता, त्यांनाही तो करता आला.

मराठीत कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यातील वाटी-चमच्याची सोपी मापे अनेक नवशिक्या हातांना आधार देणारी ठरली. घरापासून दूर गेलेल्या माणसाला अदमास सोबत नेता येत नाही. कागद मात्र नेता येतो.

येथे माप आणि प्रमाण यांतील भेदही लक्षात घ्या. काकीची करवंटी आणि लेखिकेची वाटी यांची मापे निराळी होती. पण रव्याच्या दुप्पट कीस हे प्रमाण दोन्हींत तेच राहते. म्हणून एका पदार्थासाठी आरंभापासून शेवटपर्यंत एकच भांडे मापाला घ्यावे.

पाठगत प्रश्न २

(१) तवशाचा रस टाकून का देऊ नये?
(२) झाकणावर निखारे ठेवण्याचे कारण काय?

भाषाभ्यास : कृती लिहिताना

समोरच्या माणसाला आपण ‘गूळ घाल’ असे सांगतो. हा आज्ञार्थ आहे. लेखी कृतीत वाचक कोण, लहान की मोठा, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून तेथे ‘गूळ घालावा’ असे विध्यर्थी रूप वापरतात. हे रूप कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते.

गूळ घालावा. (पुल्लिंग)
वेलची घालावी. (स्त्रीलिंग)
खोबरे घालावे. (नपुंसकलिंग)
काजू घालावेत. (पुल्लिंग, अनेकवचन)
पाने पसरावीत. (नपुंसकलिंग, अनेकवचन)

कृती लिहून झाल्यावर ती जाणत्या माणसाला अवश्य वाचून दाखवा. ज्याला एखादी गोष्ट येते, तो तिच्यातील सर्वांत सोपी पायरी सांगायला विसरतो. ज्याला ती येत नाही, तो नेमका तेथेच अडतो.

आपण काय शिकलो?

• अनुभवी हातांचा अदमास हे ज्ञानच असते. फक्त ते मोजून आणि शब्दांत मांडून घ्यावे लागते.
• निरक्षर माणूस अज्ञानी नसतो आणि साक्षर माणसाला सर्व काही कळतेच असे नाही. आजीचे ज्ञान, लेखिकेचे लेखन आणि काकीचे वाचन एकत्र आले, तेव्हा कृती पूर्ण झाली.
• लेखी कृतीत साहित्य, प्रमाण, क्रम, वेळ आणि खूण या पाचही गोष्टी असाव्यात.
• किसलेली भाजी पदार्थाला ओलावा, मऊपणा आणि काही वेळा गोडवा देते.

पाठान्त प्रश्न

१. ‘तवशाला विचार’ या आजीच्या उत्तराचा अर्थ लेखिकेला केव्हा व कसा उमगला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. काकीने स्वतः लिहिलेली ओळ तुम्हांला का महत्त्वाची वाटते?
३. “आईची नाही ही, पण तिच्याच घरातली आहे.” वडिलांच्या या उद्गारातील भाव स्पष्ट करा.
४. कंसातील क्रियापदाचे योग्य विध्यर्थी रूप लिहा : (अ) भाजी बारीक ______. (चिरणे) (आ) कांदे ______. (सोलणे) (इ) पीठ ______. (मळणे)
५. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या जाणत्या व्यक्तीला तिचे काम करताना पाहा. गोधडी शिवणे, पापड लाटणे, सायकलचे पंक्चर काढणे, काहीही चालेल. ती कृती क्रमवार लिहा, त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सुचवलेली ओळ जोडा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) इ (२) आ
पाठगत प्रश्न २ : (१) त्या रसातच रवा शिजतो. रस टाकल्यास रवा कच्चा राहतो. (२) वरूनही उष्णता मिळून तवसळी सर्व बाजूंनी सारखी भाजली जावी म्हणून.
पाठान्त प्रश्न ४ : (अ) चिरावी (आ) सोलावेत (इ) मळावे